इक हेत हिरा

तू गेल्यापासून जो भेटायला येतो तो निघताना दारात चपला घालतो आणि हळू आवाजात म्हणतो, "सुटल्या बिचाऱ्या. शेवटी शेवटी स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं म्हणे." आपला मुलगा मंदार मान हलवतो. सून प्राची ओढणीचं टोक डोळ्यांना लावते. आणि मी, तुझा नवरा, त्यांच्या शेजारी उभा राहून मान हलवतो.

तुला सगळं आठवत होतं. ही गोष्ट घरात फक्त दोघांना ठाऊक होती. त्यातली तू आता नाहीस.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. जन्म कुठल्या गावचा, स्वभाव कसा मनमिळाऊ, हाताला चव कशी. ते कुणीही लिहील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि तेही चारचौघांत. कारण मी जे केलं ते चारचौघांत केलं.

सुरुवात रुहीच्या डचपासून झाली. आपली नात बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज मुलुंडला. एक सत्र हॉलंडच्या विद्यापीठात शिकायला मिळणार म्हणून सगळं घर हवेत. तिकडे शिकवणार इंग्रजीतूनच, पण येण्याआधी तिथली भाषा थोडी तरी शिकून या, अशी त्यांची अट. म्हणून मग संध्याकाळी लॅपटॉपवर वर्ग. तिथल्या बाईंचा एक नियम होता, आज जे शिकलात ते घरातल्या कुणाला तरी शिकवा, म्हणजे पक्कं होतं.

रुही आधी माझ्याकडे आली. "आजोबा, तुम्ही ग्रॅज्युएट. तुम्ही या."

"माझं इंग्रजीच अजून सुधारायचं आहे. आजीला विचार," मी म्हटलं. थट्टेने म्हटलं. तू सातवीपर्यंत शिकलेली, त्या वेळी मोरीजवळ बसून बोंबील साफ करत होतीस.

पोरीने खरंच तुझ्यासमोर फतकल मारली. "आजी, मी कोळीण आणि तू गिऱ्हाईक. विचार मला, वॉट कॉस्ट दाट?"

"म्हणजे काय गे?"

"ह्याचे किती?"

"मगे तसा सांग ना." तू एक बोंबील शेपटीला धरून उचललास आणि थेट तिच्या नाकासमोर नाचवलास. "वॉट कॉस्ट दाट?"

रुहीने काहीतरी भाव सांगितला.

"आणि महाग वाटला तर काय म्हणायचा?"

"दाट इस ते द्यूर."

"ते द्यूर!" तुला तो शब्द फार आवडला. नंतर भांडुपच्या बाजारात सुरमईच्या टोपलीपुढे उभी राहून तू चेहरा सरळ ठेवून म्हणालीस, "ते द्यूर." टोपलीवाली मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वयनी, शिवी देतेस का गो मना?" तू इतकी हसलीस की टोपलीच्या कडेला हात टेकून उभी राहिलीस. भाव तिने कमी केला. घरी येऊन तू सगळ्यांना सांगत सुटलीस की डच लागू पडली.

मी म्हणालो, "आता काय, डच कंपनी काढतेस?"

"तुमका काय एक कळणा नाय. गप पेपर वाचा."

रुहीचं पुस्तक धंद्याचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी होतं. त्यात माणसं भेटली की आधी हात मिळवायचे, मग नाव सांगायचं, मग कंपनी कुठली आणि ती काय करते ते. तुला तिने कंपनीची मालकीण केली. माझी अंधेरीची नोकरी गेली, कंपनीच बंद पडली, तेव्हा तू आसपासच्या कारखान्यांतल्या माणसांना डबे पोचवायला लागलीस आणि मंदार नोकरीला लागेपर्यंत आपलं घर त्या डब्यांवर चाललं. मी घरी बसून होतो ती सगळी वर्षं तू मला एकदाही ते जाणवू दिलं नाहीस. सकाळी माझ्यापुढे चहा आणि पेपर ठेवून मगच स्टोव्हकडे वळायचीस, जणू मला कामावर जायची घाई आहे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवतो आहे, आता त्याचा काय उपयोग.

"इक हेब अन बेद्रैफ," रुहीने शिकवलं. "माझा धंदा आहे."

तू टोपातलं ढवळायचं थांबलीस. "धंदा? माझो?"

"मग कुणाचा? आजोबांचा?"

तुम्ही दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि खळखळून हसलात. मीही हसलो, जरा उशिरा.

पुढचा धडा घरच्यांची ओळख करून देण्याचा. मैन मान हेत, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव अमुक. तू तिथेच अडलीस. "तां मी नाय घेतलंय." रुहीने किती विनवलं, आजी, ही परदेशी भाषा आहे, इथे चालतं. तू पदर दातांत धरून नुसती मान हलवत होतीस. उखाण्याशिवाय माझं नाव तू घेणार नाहीस आणि डचमध्ये उखाणा जमत नाही, म्हणून तो धडा अर्धाच राहिला. मला मनातून बरं वाटलं होतं. आपलं नाव बायको इतकं जपते, याचं.

मग तू तिला विचारलंस, "तुमच्या त्या बाईंचा नाव काय? ह्या त्यांच्या घोवान ठेवलेला काय?"

"छे गं. आईवडिलांनी ठेवलेलं. तिकडे पुष्कळ बायका आडनावही बदलत नाहीत."

"आणि पयला नाव?"

"पहिलं नाव कोण बदलतं आजी!" रुही हसली. तिच्या पिढीला ते माहीतच नाही. तू हसली नाहीस. कढीला फोडणी द्यायची होती, ती दिलीस. मी पेपरच्या आड होतो आणि एक ओळही वाचत नव्हतो.

लग्नात तुझ्यापुढे तांदळाचं ताट आलं तेव्हा अंगठीने मी त्यावर 'सुनंदा' लिहिलं. तोवर तू हिरा होतीस. ज्या आजीने तुला वाढवलं तिचं नाव तुला होतं. तू मान खाली घालून, मला एकट्याला ऐकू येईल असं विचारलंस, "माझ्या नावात काय वायट होता?"

मी म्हणालो, "गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं. सु अक्षर आलं."

गुरुजींनी काहीही सांगितलं नव्हतं. आमच्या चाळीखाली सुके बोंबील विकायला एक हिराबाई बसायची. मोठा आवाज, तोंडात तंबाखू. ऑफिसातले मित्र घरी आले की जिन्यावर तिची नक्कल करायचे. माझ्या बायकोचं नाव तेच निघालं तर आपली काय शोभा होईल, एवढीच मला काळजी. आणि सुनंदा हे आमच्या साहेबांच्या बायकोचं नाव. त्या एकदा ऑफिसात आल्या होत्या, सगळा मजला उठून उभा राहिला होता. म्हणून ते नाव मी तुला लावलं. गुरुजींचा शब्द म्हणून तू ते घेतलंस, आणि कुरकुर न करता जन्मभर वापरलंस. तसं ते तरी वापरलं कुणी? चाळीत तू वहिनी, डबे घेणाऱ्यांना मावशी, मंदारला आई, रुहीला आजी. मी तर 'अगं' म्हणायचो. बाईला नाव लागतंच कुठे, असं मी मित्रांत विनोदाने म्हणत असे.

रुहीच्या वर्गाचा शेवटचा दिवस म्हणजे परीक्षाच होती. प्रत्येकाने घरातलं माणूस आणायचं आणि धंद्यातली भेट असल्यासारखं बोलून दाखवायचं. तू हिरवी नारायणपेठ नेसलीस. मंदार आणि प्राची ऑफिसातून लवकर आले, शेजारच्या देसाईवहिनी बघायला आल्या. मी दिवाणावर, हातात पेपर.

पडद्यावर त्या बाई आल्या. केस पांढरे, मागे त्यांचं स्वयंपाकघर. त्यांनी तुझं नाव विचारलं, "हू हेत यू?" तू आधी सवयीने हात जोडलेस, मग आठवून हात लॅपटॉपपुढे केलास. सगळे हसले, त्या बाईही. आणि तू म्हणालीस, "इक हेत हिरा."

रुही कुजबुजली, "आजी, सुनंदा."

तू पुन्हा म्हणालीस, आधीपेक्षा मोठ्याने. "इक हेत हिरा."

"हिरा!" त्या बाईंनी खुशीत म्हटलं. लग्नानंतर त्या नावाने तुला कुणी हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली, ती एका परक्या बाईकडून.

"हिरा कोण?" मंदारने विचारलं. पन्नाशीकडे आलेल्या माझ्या मुलाला आपल्या आईचं नाव माहीत नव्हतं.

तू माझ्याकडे वळलीस. तुझ्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तू हसत होतीस. "सांगा तेंका," म्हणालीस. मला वाटतं तू मला बोलावत होतीस. आपल्या लग्नातली एक गंमत मुलांना सांगायला नवऱ्याला बोलवावं, तसं.

मला मात्र एकदम हिराबाई दिसली. साहेबांची बायको दिसली. आता मुलं विचारणार, गुरुजींचं खोटं निघणार, देसाईवहिनींसमोर निघणार. मी उठलो, लॅपटॉपसमोर आलो आणि माझ्या चांगल्या इंग्रजीत त्या बाईंना म्हणालो, माफ करा, हिचं नाव सुनंदा आहे, हल्ली ही विसरते.

तुला इंग्रजी कळत नव्हतं. मंदारला, प्राचीला, रुहीला कळत होतं. मी काय बोललो ते तुला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

एवढंच मी केलं. पुढचं सगळं त्यांनी प्रेमाने केलं.

मंदारने तुला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, मग विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?" मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सुनंदा." मंदारने सुटकेचा निःश्वास टाकला. "आज आठवलं," तो डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायला सुरुवात झाली. गॅसचा लायटर वरच्या फळीवर गेला. बाजारात एकटीने जाणं बंद. सुरमई आता ऑनलाइन येऊ लागली, कापलेली, डब्यात. तू मीठ जरा जास्त घातलंस तरी प्राची आणि मंदार एकमेकांकडे बघायचे.

वर्ग संपला तरी रुही पुस्तक घेऊन बसली होती, तेव्हा तूच विचारलंस, "आज काय शिकवतंस चेडवा?" ती तुझ्या गालाला हात लावून म्हणाली, "नको आजी, तू आराम कर. डोक्याला ताण नको."

मला तू एकदाच विचारलंस. आपण दोघंच होतो, तू कपड्यांच्या घड्या करत होतीस. "मी इसारतंय?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मगे सांगा तेंका."

"सांगतो."

नाही सांगितलं. आधी लाज वाटली. मग डॉक्टर होऊन गेले होते, आता काय सांगायचं असं वाटलं. मग रुहीच्या जाण्याची गडबड. खरं सांगू? मला थोडी सोयही वाटली. आता तू गुरुजींचं काही बोललीस तरी कुणी मनावर घेणार नव्हतं.

तू प्रयत्न केलास, मला माहीत आहे. प्राचीला म्हणालीस, "माका सगळा आठवता गे." ती म्हणाली, "हो आई, आठवतं ना," आणि तुझ्या पायांवर चादर ओढली. त्यानंतर तू कुणाला काही सांगायच्या भानगडीत पडली नाहीस. बोलणंच कमी केलंस. तेही मग लक्षण ठरलं.

रुही निघाली त्या दिवशी दारात तिने तुझे दोन्ही हात धरले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आजी, मी रुही. मी शिकायला चाललेय. लवकर येते हं."

"आठवता गे बाय माका, तू रुही ता," तू म्हणालीस. सगळे किती आनंदाने हसले. ती जिना उतरेपर्यंत तू कठड्याशी होतीस. तुझा एक शब्द मला ऐकू आला, डचमधला असावा. जाताना म्हणायचा काहीतरी, तिनेच शिकवलेला. तिला तो ऐकू गेला नाही. त्याचा अर्थ मी तुला विचारला नाही, आणि तो शब्दही आता नीट आठवत नाही. मीच तो, तुला विसरभोळी ठरवणारा.

मग एका दुपारी तू जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. मी बाहेरच्या खोलीत होतो.

तेरावं झाल्यावर मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. रुही मोबाइलच्या पडद्यावर होती, तिला येता आलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ताट, अंगठी, हिराबाई, साहेबांची बायको, गुरुजींनी कधी न उच्चारलेला शब्द. तिला काही झालेलं नव्हतं, म्हणालो, ती खरं नाव सांगत होती, मी खोटं बोललो. बोलताना मी भरकटलो असेन, मधेच रडलो, हिराबाईचं दोनदा सांगितलं.

मंदारने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, दमलात तुम्ही. नंतर बोलू."

"नंतर नाही. तिचं नाव हिरा होतं."

"हो बाबा."

ते 'हो' मी ओळखलं. तुला मिळायचं ते.

मी मोबाइलकडे बघितलं. म्हटलं, ही तरी. रुहीने डोळे पुसले, पडद्याजवळ आली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आजोबा, तुम्ही नीट जेवताय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला गेलो तर ओट्यावर लायटर नव्हता. वरच्या फळीवर होता.

मला भयंकर राग आला. मला सगळं आठवतं असं ओरडणार होतो. तोंड उघडलंही. आणि कळलं की हेच वाक्य, याच ओट्याशी, तू उघडलेल्या तोंडात परत घेतलं असशील. मी तिथेच स्टुलावर बसलो. त्यांच्यावर मी कसा रागावू? माझं बोलणं खरं मानायचं तर मंदारला तो लायटर आठवणार, प्राचीला ती चादर. रुहीला तर मिटवून ठेवलेलं पुस्तक. एका जेवणाच्या वेळात मी त्यांच्याकडून एवढं मागत होतो, आणि स्वतः एक वाक्य खरं बोलायला मला तू असेपर्यंतचा सगळा वेळ पुरला नाही.

तुझा फोटो करायला टाकला तेव्हा फ्रेमवाल्याला मीच बजावलं होतं, खाली हिरा लिही. काल फ्रेम आली. खाली सुनंदा. मी विचारलं तर तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका काका, तुमच्या मुलाने फोन करून बरोबर करून घेतलं."

संध्याकाळी देसाईवहिनी आल्या. फोटोला हात जोडले. दारात चपला घालताना थांबल्या आणि म्हणाल्या, "सुटल्या बिचाऱ्या. नावसुद्धा आठवत नव्हतं."

मी या वेळी मान हलवली नाही. "आठवत होतं," म्हणालो. "ती हिराच होती. तुम्ही होतात ना तेव्हा, तुम्हीही ऐकलंत. मी त्या बाईंना खोटं सांगितलं."

देसाईवहिनींनी माझ्या खांद्यावरून मंदारकडे पाहिलं. मी वळलो नाही, पण तो मागे काय खूण करत असेल ते मला माहीत आहे. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "हो काका. काळजी घ्या."

उद्या आणखी कुणी येईल, त्यांनाही मी हेच सांगणार आहे. ते माझ्या मागे बघतील, बघू देत. हा अंक छापून आला की मंडळाच्या लोकांना मंदारचे फोन जातील, बाबांचं मनावर घेऊ नका म्हणून. जाऊ देत. लायटर अजून वर आहे, आणि तो खाली दे असं मी म्हणणार नाही. तुला तो परत मिळाला नव्हता.

पण मला सगळं आठवतं, हिरा.